पोरं मॅटवर उतरण्याआधी
विद्यापीठांच्या ज्युडो-कराटे स्पर्धा, यजमानांची जबाबदारी आणि घरातलं सिकलसेलचं कार्ड

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गावाचं आणि विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं. आंतरविद्यापीठ ज्युडो स्पर्धा होती. ओळखीच्या एका सरांनी बोलावलं म्हणून मी वैद्यकीय टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसले होते. टेबलावर बर्फाचा डबा होता, वेदनाशामक स्प्रेच्या दोन बाटल्या होत्या, कापूस, पट्ट्या आणि जखमेचं औषध होतं. डॉक्टर ‘फोनवर उपलब्ध’ होते. ॲम्ब्युलन्स ‘बोलावली की येणार’ होती.

सकाळीच एक पोरगा जवळ आला. "जय भीम ताई, तुम्ही नागपूरच्या ना? आमच्या वस्तीत तुम्ही शिबिराला आल्या होत्या." बी.ए. दुसऱ्या वर्षाचा, अंगाने काटक, चेहऱ्यावर हसू. त्याने वजनगटात बसण्यासाठी दोन दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नव्हतं, आदल्या दुपारपासून पाणीही घोटभरच. मला ते त्याने नंतर सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

पहिल्या दोन लढती तो जिंकला. तिसरीच्या आधी टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, पायात जीवच नाही राहिला." मी पिंडरीला हात लावला. गोळा आलेला नव्हता, स्नायू मऊ होता. तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी स्प्रे मारला, साखर-मिठाचं पाणी दिलं, आणि त्याचे सर म्हणाले, "ऊठ, एकच लढत राहिली." तो उठला. मी उठू दिलं.

मिनिटभरात तो मॅटवर पडला आणि त्याला उठता येईना. लोक म्हणाले, नाटक करतोय. संध्याकाळी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. मग दवाखाना, सलाइन, किडनीच्या तपासण्या. आठ दिवस तो भरती होता. डायलिसिसची वेळ आली नाही, एवढंच नशीब. रक्ताच्या तपासणीत निघालं की तो सिकलसेलचा वाहक आहे, म्हणजे एएस.

त्याची आई नागपूरहून रात्रीच्या गाडीने आली. मी तिला विचारलं, माय, पोराची सिकलसेलची तपासणी कधी झाली होती का? ती म्हणाली, "झाली होती ना ताई, शाळेतच झाली. कार्ड पेटीत हाय. मोठीचं लग्न व्हायचं होतं म्हनून कोनाले दाखवलं नाही. अन् तुमीबी तं कोनं मागितलं नाही."

तिचं शेवटचं वाक्य खरं होतं. मी नर्स, नागपूरची, सिकलसेलच्या शिबिरांत वर्षानुवर्षं काम केलेली. समोर विदर्भातली पोरं रांगेत उभी होती आणि मी एकालाही विचारलं नाही. तो पोरगा आज बरा आहे, कामधंद्याला लागला आहे. पण या लेखात जे लिहिते आहे ते त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे.

या स्पर्धा असतात तरी कशा?

आपल्या वस्त्यांतून कराटे, तायक्वांदो, ज्युडो, वुशू शिकणारी मुलं-मुली आता बरीच आहेत. समाजमंदिरात, शाळेच्या मैदानात, विहाराच्या अंगणात वर्ग चालतात. कॉलेजात गेल्यावर यातली काही जणं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतात. तिथे निवड झाली की विद्यापीठाचा रंगीत ट्रॅकसूट मिळतो. आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा संघ म्हणून पोरगी दुसऱ्या राज्यात जाते तेव्हा सगळी गल्ली तिला स्टेशनवर सोडायला येते.

देशभरातल्या विद्यापीठांच्या या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो. ही संस्था १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झाली. आपलं नागपूर विद्यापीठ त्याआधी दोन वर्षं, ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झालं होतं. संघ दरवर्षी वेळापत्रक काढतो आणि कोणती स्पर्धा कोणतं विद्यापीठ भरवणार हे ठरवतो. ज्याला यजमानपद मिळतं त्याने मैदान, राहणं, जेवण, पंच, वैद्यकीय सोय हे सगळं पाहायचं असतं. वर्षभराच्या कामगिरीवर सर्वोत्तम विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद चषक मिळतो, त्यामुळे प्रत्येक पदकाला मोल असतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा. पहिली २०२० च्या फेब्रुवारीत भुवनेश्वरला झाली, तिथे ज्युडो होता. दुसरी २०२२ मध्ये बंगळुरूला झाली, तिथे ज्युडोबरोबर कराटेही होतं. आणि जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत, उदाहरणार्थ २०२३ च्या चीनमधल्या चेंगडूच्या स्पर्धेत, ज्युडो, तायक्वांदो आणि वुशू तिन्ही होते. म्हणजे वस्तीतल्या पोरीला जगापर्यंत जायचा हा एक खरा रस्ता आहे.

एक गोष्ट आई-वडिलांनी लक्षात ठेवावी. गल्लोगल्ली ‘ओपन नॅशनल’ नावाच्या स्पर्धा होतात. भरमसाट फी घेतात, प्रत्येकाच्या गळ्यात पदक घालतात. ते पदक आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेचं प्रमाणपत्र एक नव्हे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कोणती स्पर्धा आणि कोणता क्रमांक चालतो याचे नियम आहेत आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. पैसे भरण्याआधी कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.

वजनकाट्याची भीती

या सगळ्या खेळांत वजनगट असतात. ज्युडोत मुलींचे गट ४८, ५२, ५७, ६३, ७० आणि ७८ किलोपर्यंतचे, त्यावरचा एक. मुलांचे ६० पासून १०० किलोपर्यंत, त्यावरचा एक. सारख्या वजनाची पोरं एकमेकांशी लढावीत, दुबळ्याला इजा होऊ नये, म्हणून ही पद्धत आली. पण पोरांनी आणि काही सरांनी त्यात पळवाट काढली. खालच्या गटात बसलं की समोरचा लहान मिळेल, या हिशोबाने चार-पाच किलो दोन दिवसांत उतरवायचे. जेवण बंद, पाणी बंद, दोन स्वेटर घालून धावायचं, अंगाला प्लास्टिक गुंडाळायचं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेडिकलमधून लघवीची गोळी आणून खायची.

हे उतरलेलं वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. ६० किलोच्या पोराच्या अंगातून सव्वा लिटर पाणी गेलं की त्याचा दम कमी होऊ लागतो. आणखी गेलं की रक्त घट्ट होतं, हृदय धडधडतं, किडनीवर ताण येतो, डोकं गरगरतं.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत सव्वा महिन्याच्या आत विद्यापीठाचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. तिघांचीही पद्धत हीच होती, घाम काढायचा आणि पाणी प्यायचं नाही. त्यानंतर तिथल्या विद्यापीठ क्रीडा संघटनेने नियम बदलले. वजन उतरवण्यासाठी वाफेच्या खोल्या आणि रबरी सूट बंद केले, वजन लढतीच्या थोडंच आधी घ्यायचं ठरवलं, आणि हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून खेळाडूने किती खाली जायचं याची मर्यादा घालून दिली. तीन पोरं गेली तेव्हा कुठे हे झालं.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम लढतीच्या दिवशी बाद झाली. पदकाची चर्चा खूप झाली. रात्रभर वजन उतरवल्याने शरीरातलं पाणी कमी होऊन तिला उपचार घ्यावे लागले, हे मात्र लोक विसरले. तिच्यासोबत डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आपल्या पोरीसोबत कोण असतं? खोलीतली मैत्रीण आणि यूट्यूब.

घरच्यांसाठी नियम सोपा आहे. वजन उतरवायचं असेल तर महिना-दोन महिने आधीपासून, आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो. ज्या गटासाठी पाणी बंद करावं लागतं तो गट आपल्या पोराचा नाही. वरच्या गटात खेळू द्या. लघवीची गोळी तर डोपिंगच्या यादीत आहे. सापडली तर पदक जातं आणि खेळण्यावर बंदी येते.

वजन झालं की लगेच खायला हवं. महागडी पावडर नको. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोट घोट, दोन केळी, दही-भात, थोड्या वेळाने उकडलेली अंडी किंवा फल्लीची चिकी. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

सिकलसेल लपवायची गोष्ट नाही

आता त्या पोराकडे परत येते. विदर्भात सिकलसेल आहे हे काही आज कळलेलं नाही. १९५८ मध्येच नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर शोधनिबंध प्रसिद्ध केले होते. आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात त्याचं प्रमाण जास्त आहे. यात कुणाचं पाप नाही, कुणाचा दोष नाही. ज्या भागांत हजारो वर्षं मलेरिया होता तिथे वाहक मुलं मलेरियातून जास्त वाचली, म्हणून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यात फरक आहे. वाहकाला एरवी काही त्रास नसतो. तो शाळेत जातो, काम करतो, खेळतो. पण शरीरातलं पाणी कमी झालं, ऊन किंवा कोंदट हॉल असला, आणि विश्रांतीशिवाय जोराची मेहनत झाली, तर त्याच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. स्नायूंना रक्त पोचत नाही, स्नायू तुटू लागतात, त्यातला घटक किडनीत अडकतो. काळ्या चहासारखी लघवी त्याचीच खूण.

साधा गोळा आणि हा त्रास वेगळा ओळखता येतो. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा कडक होतो, पोरगा ओरडतो, ताणून धरलं की मोकळं होतं. सिकलसेलच्या त्रासात दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त असतो, पाय उचलत नाही, हात लावला तर स्नायू मऊ लागतो, आणि पोरगा शुद्धीवर असतो, बोलत असतो. म्हणूनच लोकांना ते नाटक वाटतं.

२००६ मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठात १९ वर्षांचा एक फुटबॉलपटू सरावानंतर असाच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक आहे हे कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला, आणि २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांनी खेळाडूंची सिकलसेल स्थिती नोंदवायला सुरुवात केली. आपल्याकडे १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, तपासण्या होताहेत, कार्डं मिळताहेत. ते कार्ड खेळाच्या मैदानापर्यंत पोचवणं एवढंच राहिलंय.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. वाहक असणं म्हणजे खेळ बंद नव्हे. कार्ड दाखवलं म्हणून कुणी पोराला संघातून काढत असेल तर तो अन्याय आहे, तिथे भांडा. वाहकाने खेळावं, पण सराव हळूहळू वाढवावा, पाणी पीत राहावं, वजनासाठी उपाशी-तहानलेलं राहू नये, ताप असताना उतरू नये, आणि ‘पायात जीव नाही’ असं वाटलं की थांबावं. सरांनी त्याला थांबू द्यावं. एसएस रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याने डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय लढतीच्या खेळात उतरू नये.

आणि मोठीच्या लग्नाची भीती? ती भीती मला समजते, माझ्याही नात्यात ती पाहिली आहे. पण कार्ड पेटीत ठेवून पोरीचं भलं होत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी दोन्ही घरांनी कार्डं समोर ठेवली तर दोन्ही घरांचं भलं आहे.

डोक्याला मार आणि मॅटवरचं रक्त

तायक्वांदोत छाती-पोटाला मारलेल्या साध्या लाथेला दोन गुण, डोक्याला मारलेल्या लाथेला तीन, आणि वळून डोक्याला मारलेल्या लाथेला पाच गुण असतात. म्हणजे डोकं हेच लक्ष्य. हेल्मेटमुळे कातडी फाटत नाही, दातांचं रक्षण होतं ते माउथगार्डने, पण मेंदूला बसणारा हादरा दोन्हींनी पुरता थांबत नाही. बेशुद्ध पडलं तरच मार लागला, हा गैरसमज आहे. गोंधळलेलं बोलणं, तोच प्रश्न परत विचारणं, डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, तोल जाणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद. पदकाची लढत असली तरी बंद. पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जीव जाऊ शकतो. एक-दोन दिवस आराम, मग डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने सराव. वारंवार उलटी, झटका, वाढती डोकेदुखी, जास्त झोप, हात-पाय लुळे वाटणं असेल तर थेट मोठा दवाखाना.

मानेवर पडलेल्या पोराला ओढून उचलू नका. हलवू नका, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, १०८ ला फोन करा.

रक्त निघालं की लढत थांबायलाच हवी. पट्टी बांधा, मॅटवरचं रक्त हातमोजे घालून पुसा, त्या जागी १ टक्का हायपोक्लोराइटचं द्रावण टाकून दहा मिनिटं ठेवा, मग पुसून कोरडी करा. खेळणाऱ्या पोरांना हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का ते बघा.

मॅटवरून आणखी एक गोष्ट घरी येते, गजकर्ण. घामाचे कपडे, एकच टॉवेल, न पुसलेल्या मॅट. मग पोरं मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली मलम-ट्यूब आणतात. चार दिवस खाज थांबते आणि नंतर दुप्पट पसरते. असली ट्यूब लावू नका, सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कपडे रोज धुवा, उन्हात वाळवा.

मुलींचा वेगळा विचार

ज्युडो, कराटे, तायक्वांदो, तिन्हींत पांढरा पोशाख असतो. पाळीच्या दिवशी पांढऱ्या कपड्यात शेकडो लोकांसमोर लढायचं म्हणजे काय, हे मुलींनाच ठाऊक. किती मुली त्या भीतीने नीट पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह लांब आहे, नळाला पाणी नाही, कडी लागत नाही. आत गडद रंगाची घट्ट चड्डी घालायची, पॅड जवळ ठेवायचे, हे आईने आधीच सांगावं. पण कडी लावायचं काम यजमानांचं आहे.

संघासोबत महिला व्यवस्थापक आहे का, मुली कुठे झोपणार, रात्री दरवाजावर कोण असणार, हे विचारायला आई-वडिलांनी लाजू नये. २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या होत्या, त्या उगाच नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे विद्यापीठात आणि कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिच्या अध्यक्षांचा फोन नंबर मुलीच्या मोबाइलमध्ये हवा.

यजमान कसा असावा?

मी पाहिलेल्या स्पर्धांत उद्घाटनाचा मंडप, फुलं, पाहुण्यांचे हार-तुरे यात कसूर नसते. आणि त्याच दिवशी फाटकासमोर पाहुण्यांच्या गाड्या अशा लागतात की ॲम्ब्युलन्स आत येऊ शकणार नाही.

नागपूरला मोठं काही भरवता येत नाही असं नाही. याच विद्यापीठाने शतकमहोत्सवी वर्षात, जानेवारी २०२३ मध्ये १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरवली. मानकापूरला विभागीय क्रीडा संकुल आहे, तिथून मेयो हॉस्पिटल फार लांब नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्यांच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. विदर्भाला खेळाची परंपरा आहे.

आणि पाहुणचार आपल्या वस्त्यांना कोणी शिकवायला नको. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. पाणी कुठे, जेवण कुठे, औषधाचं टेबल कुठे, चुकलेलं लेकरू कुठे न्यायचं, हे वस्तीतली पोरं रात्रभर जागून सांभाळतात. बाहेरगावहून खेळायला आलेली पोरंही तशीच आपली पाहुणी.

उद्या नागपुरात, तुमच्या कॉलेजात अशी स्पर्धा होणार असेल तर आयोजकांना लेखी पत्र द्या, आणि मदतीला या असंही म्हणा. पत्रात एवढं मागा:

१. डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स हॉलमध्ये हजर असावेत, फोनवर नव्हे. जवळच्या मोठ्या दवाखान्याला आदल्या दिवशी कळवलेलं असावं. फाटक मोकळं असावं.

२. वजनाच्या वेळी प्रत्येक खेळाडूचा छोटा अर्ज भरावा. सिकलसेल, दमा, फिट, आधी डोक्याला मार, चालू औषधं, शेवटचं जेवण कधी. माहिती वैद्यकीय टेबलापुरतीच राहावी, भिंतीवर लागू नये.

३. वजनकाट्याच्या बाजूच्याच खोलीत जेवण आणि ओआरएस तयार असावं. वजन संध्याकाळी सहाला आणि मेस रात्री नऊला, असं नको.

४. प्रत्येक मॅटजवळ प्यायचं पाणी. दोन लढतींमध्ये नियमाप्रमाणे विश्रांती, वेळ वाचवायला ती कापू नये.

५. थांबवण्याचा शेवटचा शब्द डॉक्टरांचा किंवा नर्सचा. सरांचा नाही, पालकांचाही नाही.

६. राहायला गाद्या आणि पांघरूणं. या स्पर्धा बहुधा हिवाळ्यात येतात, आणि डिसेंबर-जानेवारीची नागपूरची थंडी फरशीवर झोपून काढता येत नाही. मुलींसाठी वेगळी, कडी लागणारी, पाणी असलेली स्वच्छतागृहं आणि पॅड.

यातल्या एकाही गोष्टीला मंडपाएवढा खर्च नाही.

घरी करायच्या गोष्टी

पोरगा-पोरगी कुठलाही लढतीचा खेळ खेळत असेल तर या आठवड्यात पेटी उघडा. सिकलसेलचं कार्ड शोधा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, एक झेरॉक्स खेळाच्या बॅगेत, एक सरांकडे. कार्ड नसेल तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात, नाहीतर मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात विचारा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली सोल्युबिलिटी तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, पण तिथेच थांबूही नका. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतून कळतं.

स्पर्धेच्या दिवसांत रोज फोनवर तीन प्रश्न विचारा: जेवलास का, पाणी प्यायलास का, लघवीचा रंग कसा आहे? फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद असेल तर पाणी कमी पडतंय. तपकिरी-काळा असेल तर फोन ठेवा आणि सरांना लावा, पोराला लगेच दवाखान्यात न्यायला सांगा. अशा वेळी दुखण्याची गोळी देऊ नका, ती किडनीला आणखी त्रास देते. ‘गोळी घे आणि झोप’ म्हणणं मोठी चूक ठरते.

जिंकलास का, हे चौथं विचारा.

त्या पोराच्या आईने जाताना ते कार्ड माझ्या हातात ठेवलं होतं. बारीक घड्या पडलेलं, शाळेच्या शिक्क्याचं. मी त्याची झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ तिला परत दिलं. आता कुठल्याही स्पर्धेला बसले की ती झेरॉक्स टेबलावर काचेखाली ठेवते, नाव झाकून. येणारं पोरगं बघतं आणि विचारतं, ताई, हे काय आहे? मग मी त्याला विचारते, तुझं कुठे आहे?